वाफेच्या खेळाची पुस्तकं

शेखरनं शाळा सोडल्यापासून एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, आणि त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नव्हतं. पुण्याजवळच्या माणमध्ये त्यांच्या घरची भाताची खाचरं होती. तिथं आता भाड्याच्या खोल्यांची इमारत उभी होती आणि खोल्यांमध्ये आयटीतली पोरंपोरी राहत होती. कुणाचा गिझर बिघडला, कुणाचा नळ गळतोय, बोअरची मोटर जळाली, टँकर आलाच नाही, हे निस्तरण्यात शेखरचा दिवस जायचा. वाचायचं म्हणजे भाडेकरार. तोही बहुतेक एकसारखाच असायचा.

घरात वाचणारा एकच, धाकटा भाऊ साहिल. वडील गेले तेव्हा साहिल बालवाडीत होता. त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं शेखरनं, त्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पुण्यात रांगेत उभा राहिला शेखरच. साहिलला कंपनीत नोकरी लागली तेव्हा पेढे वाटत तो पार जांब्यापर्यंत गेला होता.

साहिलला एका खेळाचं वेड होतं. रविवारी सकाळी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आणि भाडेकरूंपैकी काहीजण गोल करून बसत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. ‘मी दार फोडतो’ असं कुणी म्हणालं की फासा टाकायचा, आणि दार फुटलं की खांदा निखळला ते फाशावर ठरायचं. गोष्ट सांगणारा नेहमी साहिलच. शेखर टाकी बघायला वर गेला की त्याला ही शिकलीसवरलेली पोरं ओरडताना, खिदळताना, एकदा तर चक्क रडताना दिसली होती. तो मान हलवून खाली यायचा.

नव्या वर्षी साहिलला नवा खेळ सुरू करायचा होता. त्यातल्या जगात विजेचा शोध लागलेलाच नव्हता. सगळं वाफेवर चालायचं. वाफेच्या गाड्या, वाफेची विमानं, तुटलेल्या हाताच्या जागी पितळी हात बसवलेली माणसं. त्याला ती पोरं स्टीमपंक म्हणत. शेखरची आई लीलाबाई त्याला वाफेचा खेळ म्हणायची. साहिलनं त्यासाठी कुठून कुठून पुस्तकं मागवली होती, आणि त्यातली कोणती खेळायला घ्यायची हे मात्र त्याचं ठरत नव्हतं. जेवताना एका हातानं घास आणि दुसऱ्या हातात फोन धरून तो दिशा नावाच्या भाडेकरू मुलीशी त्यावरच वाद घालत बसायचा.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. साहिल कामावरून दुचाकीनं घरी येत असताना खडीच्या डंपरनं त्याला मागून उडवलं. हाडं जुळली, जखमा भरल्या. डोळे वरून धडधाकट दिसत होते, पण आतल्या नसा चेचल्या गेल्या होत्या. पुण्यातल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, शेखर त्याला घेऊन चेन्नईला गेला तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. साहिलला पुन्हा दिसणार नव्हतं.

खेळणारी मंडळी दवाखान्यात आली, मग घरीही आली. साहिल भिंतीकडे तोंड करून पडायचा. हळूहळू येणं कमी झालं. एकाची नोकरी गेली आणि तो गावाकडे परतला, ऋषिकेश म्हणून एक होता तो बंगळूरला गेला, दिशा खोली सोडून जांब्याला राहायला गेली. साहिलच्या खोलीत आता शेखर, त्याची बायको सायली आणि आई याशिवाय कुणाचं पाऊल पडत नव्हतं.

एका सकाळी शेखर चहा घेऊन गेला, तर साहिल पलंगावर उठून बसला होता. शेखरला बरं वाटलं.

“दादा,” साहिल म्हणाला, “गच्चीच्या दाराला कुलूप लावत जा.”

“का रं?”

“लाव. मी आहे तोवर लावत जा.”

शेखरनं कपबशी खाली ठेवली. तो बाहेर आला, पेटीतून कुलूप शोधलं आणि गच्चीचं दार बंद केलं. भाडेकरू तक्रार करू लागले, कपडे वाळत कुठे घालायचे म्हणून. शेखर म्हणाला, ग्यालरीत घाला. खरं कारण त्यानं कुणालाही लगेच सांगितलं नाही, सायलीलासुद्धा दुसऱ्या दिवशी सांगितलं.

साहिलला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी शेखरला वेगळं बसवून सांगितलं, एकटं सोडू नका, आणि पूर्वी आवडायचं असं काही असेल तर ते परत आणता येतंय का बघा. लगेच फरक पडेल असं नाही. शेखर गाडी चालवत घरी येताना सगळ्या रस्त्यानं हाच विचार करत होता. साहिलला काय आवडायचं? गाडी पळवायला. क्रिकेट बघायला. वाचायला. जे आठवेल त्याला डोळे लागत होते. वाटेत एका ठिकाणी गाड्या तुंबल्या होत्या, मागच्या सीटवर साहिल डोकं काचेला टेकून बसला होता, आणि शेखरच्या मनात आलं, त्या खेळात काय लागतं? एक बोलतो, बाकीचे ऐकतात.

दुसऱ्या दिवशी साहिलला आईच्या नजरेखाली ठेवून त्यानं कपाटातली ती पुस्तकं तांदळाच्या रिकाम्या पोत्यात भरली आणि जांब्याला दिशाच्या खोलीवर गेला. दार उघडल्यावर दिशा दचकली. घरमालक खोली सोडल्यावर कशाला येईल, असं तिला वाटलं असणार.

“ताई, यातलं कुटलं वाचलं म्हंजे तो खेळ चालवता येतो?” शेखरनं उंबऱ्यातच विचारलं.

“चालवणार कोण?”

“मीच.”

दिशा हसली नाही. त्याबद्दल शेखरला ती फार भली वाटली. तिनं पोतं आत घेतलं, पुस्तकं फरशीवर मांडली आणि त्याला समजावून सांगायला बसली. काही पुस्तकं नियमांची होती. फासा कधी टाकायचा, किती पडला तर काय. काही पुस्तकं नुसती त्या जगाची होती. शहरं कोणती, राज्य कुणाचं, लोक काय खातात, विमानं कशी बांधतात. आणि काही तयार गोष्टींची होती, गोष्ट सुचत नसेल त्यानं ती घ्यायची आणि खेळवायची.

“सगळी लागत नाहीत, शेखरदादा. नियमांचं एक हवंच. बाकी आपण काय खेळणार त्यावर. साहिलनं काय ठरवलं होतं मला माहीत नाही, आमचं भांडण तिथंच राहिलं.” ती पुस्तकांच्या कडा एकसारख्या करत राहिली. “मी यायची बंद झाले. काय बोलायचं तेच कळायचं नाही.”

“मलाबी कळत न्हाई,” शेखर म्हणाला.

रविवारी येशील का, असं त्यानं विचारलं. ती येते म्हणाली.

पुस्तकं निवडायची ती त्यानं त्याच्या पद्धतीनं निवडली. सगळ्यात जाड, सगळ्यात भारी कागदाचं, मुखपृष्ठावर सोनेरी दातेरी चाकं असलेलं पुस्तक त्यानं पहिलं घेतलं. एवढं देखणं आहे म्हणजे तेच खरं असणार. दुपारी तो साहिलच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला आणि वाचू लागला. त्याचं इंग्रजी कराराच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं. शब्द अडत होते. एका पानावर धूर ओकणारं शहर होतं, पुढच्या पानावर विमानाचं पोट कापून आतला सांगाडा दाखवला होता. मजकूर थोडा आणि चित्रंच फार. वाचायला अडलं की शेखर चित्र सांगायचा.

“हितं एक बाई हाय. तिच्या डोळ्याला पितळंची नळी लावलीय, दुर्बिणीगत...”

“बंद कर,” साहिल म्हणाला.

“न्हाई, पुढं लई भारी हाय.”

“दादा, बंद कर. चित्रांचं पुस्तक आणलंस तू माझ्यासाठी. आंधळ्याला चित्रांचं पुस्तक.” त्याचा आवाज चढत गेला. “तुला कळतं का काही? कधी कळलंय का? खोल्या भाड्यानं देणं सोडून तुला आयुष्यात काय आलंय?”

लीलाबाई दारात येऊन उभी राहिली होती. शेखरनं पुस्तक मिटलं आणि तो खाली मोटरच्या खोलीत जाऊन बसला. मोटर चालू होती, त्यामुळे त्याचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही. साहिल बोलला त्याचं त्याला दुःख नव्हतं. साहिल खरं बोलला होता याचं होतं. पोराला काय हवंय ते ओळखायची अक्कल आपल्यात नाही, आणि ओळखणारं दुसरं कुणी घरात नाही. आता हा आपल्या हातून निसटणार, असं त्याला लख्ख वाटलं.

गुरुवारी वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळायला लागला. प्लंबर आला. शेखरला गिरणीतून तांदूळ आणायला जायचं होतं. त्यानं प्लंबरला गच्चीची किल्ली दिली, काम झाल्यावर कुलूप लावून किल्ली सायलीकडे दे म्हणून बजावलं. तो परत आला तेव्हा किल्ली सायलीपाशी नव्हती, प्लंबर निघून गेला होता, आई देवघरात होती. साहिलचा पलंग रिकामा होता.

शेखर जिना कसा चढला ते त्याला नंतर कधी आठवलं नाही. दार सताड उघडं होतं. ऊन असं होतं की डोळे मिटले गेले. मग त्याला दिसलं, टाकीच्या सावलीत पाठ टेकून साहिल बसला आहे. पाय लांब सोडलेले, तळवे काळेकुट्ट झालेले.

शेखर त्याच्याजवळ जाऊन बसला आणि त्यानं साहिलचं मनगट धरलं.

“कठड्यापर्यंत गेलो होतो,” साहिल म्हणाला. “हात लावून बघितला. मग पाय कापायला लागले. मग चाचपडत इथं आलो.”

“बरं झालं बसला.”

“बरं झालं की नाही ते माहीत नाही, दादा.”

खाली रस्त्यावर कंपनीच्या बस जात होत्या. शेखरनं मनगट सोडलं नाही. “मला काय बी येत न्हाई, साहिल,” तो म्हणाला. “तू म्हनला ते खरंच हाय. मी काय करू ते तूच सांग. तू सांगशील ते करतो. पन मला सांगायला तरी ऱ्हा.”

साहिलनं पाय जवळ ओढून घेतले. मग त्यानं विचारलं, “पुस्तकं विकलीस का?”

“न्हाई. रविवारी खेळ हाय. दिशाताईला सांगून बसलोय.”

“चालवणार कोण?”

“मी.”

साहिलनं तोंड त्याच्याकडे वळवलं. नजर थोडी बाजूला पडली, शेखरच्या कानापाशी. “लोक झोपतील,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी शेखर त्याला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेला आणि गच्चीवरचं सगळं सांगितलं. गोळ्या बदलल्या. काही दिवस रोज या म्हणाले. घरी शेखरनं कामं भाच्यावर सोपवली आणि तो साहिलच्या दारातच बसून राहू लागला. नुसतं बसवत नव्हतं म्हणून त्यानं पोत्यातलं सगळ्यात बारकं पुस्तक काढलं. तयार गोष्टीचं होतं ते, करड्या पुठ्ठ्याचं, आत चित्रं जवळजवळ नव्हतीच. मनातल्या मनात वाचायची त्याला सवय नव्हती. शाळेत वाचायचा तसं तो मोठ्यानं अक्षरं जुळवत वाचू लागला. धुक्यात एक वाफेचं विमान अडकलं होतं. बॉयलरमधून आवाज येत होता.

“द बॉयलर... सी, ओ, यू, जी, एच, एस...”

शेखरनं मोबाइलवर अर्थ पाहिला. “खोकतोय. बॉयलर खोकतोय.” त्याला ते आवडलं. खाचरावरचं जुनं डिझेलचं इंजिन बंद पडायच्या आधी तसंच करायचं. तो पुढे गेला. “द नीडल ऑन द... जी, ए, यू, जी, ई. गाऊगे.”

“गेज,” आतून साहिल म्हणाला.

शेखरनं ओळीवर बोट तसंच ठेवलं. “गेज म्हंजे?”

“काटा असतो तो. वाफेचा दाब दाखवतो.”

“मंग तो काटा लाल रेघेच्या वर गेलाय.”

त्या दिवशी तेवढंच. पण दुसऱ्या दिवशी शेखर एका शब्दावर अडला तेव्हा त्यानं तोही सांगितला, आणि त्याच्या पुढचाही. दोन वेळा ‘उच्चार तरी नीट कर’ म्हणून खेकसला. शेखर मुद्दाम चुकत नव्हता. तशी गरजच पडली नाही.

गोष्टीचं पुस्तक ठरलं. नियमांचं एक हवंच, असं दिशा म्हणाली होती. शेखरनं पोत्यातून निळ्या पुठ्ठ्याचं एक काढलं, कारण त्याच्या पहिल्याच पानावर साहिलनं पेन्सिलनं भरपूर खुणा केल्या होत्या. ज्यात इतक्या खुणा ते साहिलचं आवडतं असणार, असा त्याचा हिशेब.

रविवारी दिशा आली. आणखी कुणी येणार नव्हतं. दोघांनी खेळ होत नाही म्हणून शेखरनं सायलीला बसवलं आणि सायलीनं सासूला ओढलं. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली. साहिल त्याच्या खोलीत पलंगावर होता, दार अर्धं उघडं होतं. सायली विमानाची कप्तान झाली, दिशा यंत्रं सांभाळणारी.

“मला काय जमनार,” लीलाबाई म्हणाली. “मी सैपाक करीन.”

“विमानात स्वयंपाकी लागतोच, काकू,” दिशा म्हणाली.

शेखरनं वाचायला सुरुवात केली. इंग्रजी वाक्य आधी मनाशी जुळवायचं आणि मग मराठीत सांगायचं. वाक्यावाक्याला तो थांबत होता, घाम पुसत होता. धुकं आलं, बॉयलर खोकला, कप्तानानं हुकूम दिला. दिशानं बॉयलरची झडप उघडायचं ठरवलं. आता फासा. शेखरनं निळं पुस्तक उघडलं. त्यात वीस बाजूंचा फासा टाकायला सांगितलं होतं. दिशानं टाकला. तिला अकरा पडले. शेखरनं करड्या पुस्तकात पाहिलं तर तिथं लिहिलं होतं, साधे सहा बाजूंचे फासे मूठभर टाका आणि त्यात किती पाच आणि किती सहा आले ते मोजा. अकराचं काय करायचं ते कुठंच नव्हतं. त्यानं निळं चाळलं, करडं चाळलं. निळ्यात पानंच्या पानं तक्ते होते, बारीक आकड्यांचे. त्याचे डोळे त्यावरून नुसते घसरत होते.

“थांबा जरा,” तो म्हणाला. “सापडंल.”

सगळ्याजणी थांबल्या. दिशानं मदत करायला हात पुढे केला, पण त्यानं पुस्तक सोडलं नाही. त्याला कळत होतं की हे सापडणार नाही. पुस्तकंच चुकली होती. एवढे दिवस रेटून आणलं आणि पुस्तकंच चुकीची निवडली, आणि आत तो ऐकतोय.

“मंग आता काय,” लीलाबाईनं विचारलं. “पडलं का आपलं इमान?”

“नाही पडलं,” आतून साहिल म्हणाला.

भिंतीला हात लावत तो दारापर्यंत आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. दिशा त्याला कितीतरी महिन्यांनी बघत होती. तिनं मान खाली घातली, मग त्याला काही दिसत नाही हे आठवून पुन्हा वर केली.

“कुठलं घेतलंस, दादा? निळं का?”

“त्यात तुज्या लई खुणा व्हत्या.”

“त्या मी चुका दाखवायला केल्या होत्या. दिशाला.” तो चाचपत सतरंजीच्या कडेला बसला. “ही दोन पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत. वेगवेगळ्या खेळांची आहेत. निळं ठेवून दे. त्याला सारखं तक्त्यात बघावं लागतं, ते आता मला होणार नाही. करड्याच्या शेवटी त्याचे स्वतःचे नियम असतील. दोन-तीन पानंच.”

शेखरनं शेवटची पानं उघडली. होते.

“वाच.”

त्यानं वाचलं. साहिलनं एकदा सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, “हे डोक्यात मावतं. हेच घ्यायचं.” मग दिशाला म्हणाला, “सहा बाजूंचे फासे टाक. मोठ्यानं सांग.”

दिशाच्या हातातून एक फासा निसटून सतरंजीखाली गेला. तिनं आकडे सांगितले. साहिल म्हणाला, झडप उघडली, पण तुझा हात भाजला. पुढचं त्यानं वाचून न घेताच सांगितलं, शेखरनं दारात बसून वाचलेलं त्याला पाठ होतं. त्याचा आवाज बारीक होता, मधे मधे चिरकत होता. बॉयलर शांत झाला. विमान खाली उतरायला लागलं. लीलाबाईनं सगळ्यांना गरम पेज वाढली, कारण भाजलेल्या माणसाला आधी खायला द्यावं असं तिचं म्हणणं होतं.

“धुकं विरळ होतं,” साहिल म्हणाला, “आणि खाली तुम्हाला दिसतं...”

तो थांबला. ओठ हलत होते.

“काय दिसतंय?” लीलाबाई म्हणाली. “सांग की बाळा. आमी हितंच हावोत.”

साहिल उठला. दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागली. तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. शेखर धावत दारापाशी गेला, कडी घातलेली नव्हती. आत साहिल पलंगावर पालथा पडला होता. शेखर खाली जमिनीवर बसला. बाहेर दिशा हुंदके देत होती आणि सायली तिला पाणी देत होती.

पुढचे दिवस वाईट गेले. साहिल जेवत नव्हता. आंघोळीला उठत नव्हता. शेखर दारात बसायचा, पण मोठ्यानं वाचायची त्याची छाती होत नव्हती. पुस्तकानं बरं केलं की वाटोळं केलं, ते त्याला ठरवता येईना. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तो बाहेर आला होता हे लक्षात ठेवा. शेखरनं लक्षात ठेवलं. त्याचा काही उपयोग होत नव्हता.

मग एका सकाळी साहिलनं विचारलं, “खाली काय होतं?”

“कुटं?”

“धुक्याखाली. पुस्तकात काय आहे? मी ऐकलं नव्हतं तिथपर्यंत.”

शेखरनं पान शोधलं. विमानाखाली एक मोठं तळं होतं, आणि तळ्याच्या मधोमध कारखान्याच्या चिमण्या पाण्यातून वर आलेल्या. त्यातल्या एकीतून धूर निघत होता. साहिलनं ते दोनदा वाचायला लावलं. मग दिशाला फोन लावून द्यायला सांगितलं. ‘खाली तुम्हाला दिसतं’ हे शब्द पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा उच्चारले. मधे थोडा थांबला, पण पुढे गेला.

सगळं सुरळीत झालं, असं शेखर कुणालाही सांगत नाही. काही रविवारी साहिल उठतच नाही, दिशा जांब्याहून येऊन चहा पिऊन परत जाते. पडद्यावरचा मजकूर मोबाइल बोलून दाखवतो, ते वापरायला साहिल शिकतोय, चिडत चिडत. गोळ्या चालू आहेत. शेखर अजून त्याला एकटं सोडत नाही. दिशा तिच्या ऑफिसातल्या दोघांना घेऊन आली तेव्हा त्यांच्यासमोर साहिलनं गोष्टीचं पहिलंच वाक्य तीनदा सुरू केलं.

करड्या पुस्तकातली गोष्ट संपली. पुढे काय घ्यायचं म्हणून शेखर पुस्तकांची पहिली पानं वाचून दाखवतो आणि साहिल नकार देतो. हे नको, यात नकाशेच फार. हे नको, याला पाच फासे वेगवेगळे लागतात. हे कदाचित. सोनेरी चाकांचं देखणं पुस्तक त्यानं दिशाला देऊन टाकलं. एका पुस्तकाचं फक्त एक प्रकरण त्याला हवंय, ते शेखर रोज थोडं थोडं वाचतो. त्याचं इंग्रजी सुधारलंय असं सायली म्हणते. साहिल नाही म्हणतो.

मागच्या रविवारी एकजण कमी पडला म्हणून शेखर स्वतः खेळायला बसला. तो वाफेच्या गाडीचा ड्रायव्हर झाला, नाव ठेवलं शंभू. शंभूचा त्याला तासाभरातच लळा लागला. गाडी पुलावर आली, पूल खचला होता, आणि शेखर म्हणाला की मी गाडी दामटतो. दिशानं त्याला थांबवायचा प्रयत्न केला. त्यानं फासे टाकले. एकही पाच नाही, एकही सहा नाही. दिशानं ते साहिलला सांगितलं.

“शंभू गेला,” साहिल म्हणाला.

“गेला म्हंजे?”

“मेला. गाडीसकट खाली.”

“एक डाव दे की परत,” शेखर म्हणाला. “माजा हात घसरला.”

“फासे पडले ते पडले, दादा.”

“सख्ख्या भावाला मारलंस व्हय रे,” लीलाबाई म्हणाली.

शेखर खरोखर रुसला. पोहे आले ते त्यानं कुणाशी न बोलता खाल्ले. साहिलनं हात पुढे करून त्याचा गुडघा शोधला.

“नवा माणूस बनव,” तो म्हणाला. “जरा शहाणा बनव. पुढच्या रविवारी लागेल.”

शेखर हो म्हणाला आणि रिकाम्या ताटल्या गोळा करून आत घेऊन गेला.